परत मागितलेले विरजण

कोळेकरमामा भडंगाचा डबा घेऊन आले तेव्हा ऋजुता ओट्यापाशी चहा गाळत होती. मामा समोरच्या घरात राहत. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी जन्म काढला होता, आणि निवृत्त होऊन कितीतरी वर्षे झाली तरी आवाज अजून स्थानकावरच्या भोंग्यातून यावा तसाच येई. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांची घोषणा झाली.

"मालनकाकू, तुमच्या दह्याला तोड न्हाई बघा! दर उन्हाळ्याला माझा मुतखडा ठरलेला. गाडी चुकंल, पण खडा चुकायचा न्हाई. ह्या वर्षी एकदाबी आला न्हाई. डॉक्टर इचारतोय, काय खाताय? म्हटलं, आमच्या काकूंचं दही खातोय!"

मालनकाकू म्हणजे ऋजुताच्या सासूबाई. कौतुक ऐकून त्यांनी पदर सावरला. "अहो, माझं कसलं? विरजण तेवढं माझं. दूध तुमचंच की."

ऋजुताच्या हातातली गाळणी कपात पडली. चहा ओट्यावर सांडला, तिथून फरशीवर गेला, तरी ती तशीच उभी.

या घरातले दही साधे नव्हते. ते हेमांगीसाठी होते, आणि ते बनवणाऱ्यांत ऋजुताही होती.

हेमांगी ऋजुताची नणंद. मिरजेतल्या एका शाळेत खेळ शिकवायची. कबड्डीच्या मैदानावर तिची शिट्टी वाजली की रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा थांबत. तीन वर्षांपूर्वी तिच्या आतड्याला पीळ पडला आणि आतड्याचा मोठा भाग काढून टाकावा लागला. त्यातून ती वाचली, पण दुसरेच दुखणे मागे लागले. पालकात, तिळात, शेंगदाण्यात, चहात ऑक्झॅलेट नावाचा एक पदार्थ असतो. धडधाकट पोटात तो कॅल्शियमला चिकटून बाहेर पडतो. आतडे आखूड झाले की मोकळा राहतो, रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक रुतत जातात. कारण कळेपर्यंत हेमांगीचे एक मूत्रपिंड निकामी झाले होते. दुसरे जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने चालत होते.

मिरजेच्या ज्या संस्थेत ऋजुता काम करायची तिथे त्यावर एक उपाय तयार झाला होता. जीवाणूच्या पोटात त्याच्या मुख्य डीएनएखेरीज डीएनएच्या छोट्या गोल कड्याही असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. ऋजुता त्याला सरळ बांगडी म्हणायची. ही बांगडी ठरावीक जागी कापता येते, तिच्यात नवा तुकडा बसवता येतो आणि पुन्हा सांधता येते. कापायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, सांधायला दुसरे. संस्थेने मातीतल्या एका जीवाणूचा ऑक्झॅलेट फोडणारा जनुक अशा बांगडीत बसवला आणि ती बांगडी दह्यातल्या लॅक्टोबॅसिलस या जीवाणूला दिली. ते दही खाल्ले की ऑक्झॅलेट पोटातच फुटते, रक्तापर्यंत पोचतच नाही. सांगली-सोलापूरकडचे तीसेक रुग्ण चाचणीत घेतले होते. हेमांगी त्यांतली एक. गेले सहा-सात महिने तिचे उरलेले मूत्रपिंड जिथल्या तिथे टिकून होते, ते या दह्यामुळे.

पण त्या बांगडीत आणखी एक तुकडा होता. लाखो जीवाणूंतून बांगडी घेतलेले नेमके निवडायचे तर त्यांना काहीतरी खूण लागते. प्रयोगशाळेत सर्रास वापरतात ती खूण म्हणजे प्रतिजैविकाला दाद न देण्याचा जनुक. प्रतिजैविक घातले की बांगडी नसलेले मरतात, असलेले उरतात. कामाला सोयीचे, पण जीवाणू आपल्या बांगड्या शेजारच्या जातींनाही देऊन टाकतात. हा जनुक दह्यातून निघून एखाद्या रोगजंतूला मिळाला, तर एरिथ्रोमायसिनसारखे औषध त्याच्यावर चालायचे नाही. आधीच औषधे एकेक करून निकामी होत चाललेली. म्हणून पहिल्या टप्प्यापुरती परवानगी देताना समितीने अटी घातल्या होत्या. रोज नवी पुडी फोडून दही लावायचे, उरलेले उकळून टाकायचे, पातेले उकळत्या पाण्याने धुवायचे, आणि दही दुसऱ्या कुणाच्या पोटात जाता कामा नये.

समितीत मोठमोठी माणसे होती. आपल्याकडे दही पुडी फोडून लावत नाहीत, कालच्या दह्यातून लावतात, आणि शेजारीण वाटी घेऊन आली की चमचाभर देतात, हे त्यांच्यापैकी एकालाही सुचले नाही. खरे तर ऋजुतालाही सुचले नव्हते, आणि ती याच घरात राहत होती.

मामा गेल्यावर तिने विचारले, "आत्ती, पुड्या कुठायत?"

"आहेत की डब्यात. एका पुडीत महिना जातोय. रोज नवी कशाला फोडायची? कालचं चमचाभर ठेवलं की झालं. हेमाला बरं वाटतंय न्हवं?"

"आणि विरजण कुणाकुणाला दिलंत?"

आता कुठे मालनकाकूंना काहीतरी बिनसल्याचे जाणवले. "कुणाला म्हणजे? कोळेकरांना. बागवानाच्या सुनेला. भजनाच्या बायका नेतात. दाट लागतंय म्हणून सगळ्यांला आवडलंय. त्यांनी पुढं कुणाला दिलं ते मला कसं ठाऊक असणार? काय झालं ग?"

ऋजुताने काही सांगितले नाही. थोडी आशा अजून होती. बांगडी सांभाळणे जीवाणूला ओझेच असते. गरज नसेल तर पिढ्या उलटतात तसतशी ती गळून पडते. कोळेकरांच्या दह्यात एव्हाना नुसते बिनबांगडीचे, साधे जीवाणू असण्याची शक्यता बरीच होती. तिने त्यांच्याकडून वाटीभर दही मागून घेतले आणि संस्थेत जाऊन ते एरिथ्रोमायसिन घातलेल्या बशीवर पसरले.

दुसऱ्या दिवशी बशी पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. साबुदाणा सांडावा तशी.

ऋजुताने बशी घेऊन थेट डॉ. फिरोज इनामदारांची खोली गाठली. इनामदार प्रकल्पाचे प्रमुख. बोलायला गोड, कामाला कडक. त्यांनी बशी उजेडात धरली आणि बराच वेळ परत ठेवली नाही.

"बांगडी गळायला हवी होती," ते म्हणाले.

"दूध तपासलं मी. कॉलनीत सगळ्यांकडे एकाच गोठ्यावरचं येतं. गाईच्या कासेला सूज आली की औषध टोचतात आणि सांगितलेले दिवस न थांबता दूध घालतात. औषधाचा अंश आहे त्यात. माणसाला कळणारही नाही इतका, पण बिनबांगडीच्या जीवाणूला मागे पाडायला पुरेसा. पुडीतल्या जीवाणूंना आपण प्रयोगशाळेत जसं निवडतो, तसं हे दूध रोज त्यांना निवडतंय."

इनामदारांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे चाचणी थांबवावी लागणार. सगळ्यांची."

"हो."

"तुमची नणंद आहे यात."

"सर, मला आठवण करून द्यायची गरज नाही," ऋजुता म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढला. "त्या तुकड्याच्या जागी दुसरा तुकडा बसवायचं काम आपण पुढच्या टप्प्यासाठी ठेवलं होतं. ते मी आजपासून सुरू करते. दुसरं सगळं काढून घ्या माझ्याकडून."

त्या दिवशी घरात झाले ते भांडण नव्हते. भांडायला दोन बाजू लागतात. मालनकाकू एकट्याच बोलत होत्या.

"माझ्या पोरीचं दही बंद करतीस? तूच दिलंस न्हवं आणून? तूच म्हणालीस, ह्यानं मूत्रपिंड राहील. आता तूच काढून घेतीस? त्या कोळेकराचा खडा गेला, कुणाचं काय वाकडं झालं त्यात?"

"अजून झालं नाही आत्ती. झालं की कळेल, पण तेव्हा उपाय राहणार नाही. उद्या कुणाचं पोर तापानं फणफणेल आणि औषध लागू पडणार नाही."

"कुणाचं तरी पोर! आणि हे माझं पोर?"

हेमांगी कोपऱ्यात बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. तिने मान वर केली नाही. "किती दिवस लागतील, वहिनी?"

"माहीत नाही. पण मी थांबणार नाही."

"मग मी पथ्य करते. चहा बंद, शेंगदाणं बंद. आई, तू जरा गप बस."

कॉलनीतले दही गोळा करायला ऋजुता आणि आरोग्य खात्याची एक मुलगी आधी निघाल्या, आणि संध्याकाळपर्यंत हात हलवत परत आल्या. दही आहे असे कुणी कबूलच करेना. खड्यावर औषध आहे म्हणून गवगवा आधीच झाला होता. एका बाईंनी तोंडावर सांगितले, "दिलेलं विरजण परत मागायला आल्याचं मी जन्मात ऐकलं न्हाई." दुसरीने पातेले पलंगाखाली सरकवले. ते बाहेरून दिसत होते.

तेव्हा मालनकाकू उठल्या. चप्पल घातली आणि सरळ बागवानांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ऋजुता मागोमाग.

"सुनबाई, मी दिलेलं विरजण आण. त्यात खोट हाय. चूक माझी हाय, मला सांगितलं होतं ते मी पाळलं न्हाई. आण इकडं."

सुनेच्या गॅसवर पाणी ठेवून, उकळी फुटेपर्यंत मालनकाकू स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मग पाणी स्वतःच्या हाताने पातेल्यात ओतले. दही फाटले, पांढऱ्या गाठी वर आल्या. "आता हे उद्यापास्नं बाजारच्या दह्यानं लाव. आणि तू पुढं कुणाला दिलंस ते सांग."

असे त्यांनी घरामागून घर पालथे घातले. भजनाच्या बायका, त्यांच्या माहेरवाशिणी, गोठ्याशेजारची वस्ती, एक लग्नाचे कार्यालय. विरजण एका हातून दुसऱ्या हाती गेलेले, त्यामुळे शोधायचे तेही विचारत विचारतच. कुणी त्यांना पाणी दिले, कुणी चार शब्द सुनावले. एका तरण्या पोराने मोबाइलवर चित्रण करून ते जगाला दाखवले. त्या दिवशी घरी आल्यावर मालनकाकू जेवल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाल्या. ऋजुताला आपल्या सासूचा अभिमान वाटला. तसे तिने बोलूनही दाखवले. मालनकाकूंनी नुसते हूं केले.

इकडे संस्थेत ऋजुताची बांगडी सांधली जात नव्हती.

बेत सरळ होता. प्रतिजैविकाचा तुकडा कापून काढायचा आणि त्या जागी लॅक्टोबॅसिलसचाच एक जनुक बसवायचा. जीवाणूला आपली भिंत बांधायला डी-अलॅनिन नावाची एक वीट लागते. ती वीट घडवण्याचा जनुक जीवाणूच्या मुख्य डीएनएतून उडवून टाकायचा आणि फक्त बांगडीत ठेवायचा. मग बांगडी गेली की जीवाणूची भिंत ढासळते आणि तो मरतो. औषध नको, काही नको. शिवाय हा तुकडा शेजारच्या जंतूला मिळाला तरी त्याला त्याचा काही फायदा नाही, कारण त्याच्याकडे तो आधीच असतो. निवड होते आणि कुणाचे वाईटही होत नाही.

तिने बांगडी कापली. जेलीसारख्या घट्ट जेलमधून विजेचा प्रवाह सोडून तुकडे वेगळे केले, लांब तुकडा एकीकडे, आखूड दुसरीकडे. नको असलेला टाकला. हवा तो जेलच्या वडीतून कापून घेतला, धुतला, नव्या तुकड्याशी सांधला आणि विजेच्या झटक्याने जीवाणूंत घातला. बशी कोरी. पुन्हा केले. कोरी. तिसऱ्या खेपेला सांधणाऱ्या विकराची नळीच बदलली, तेव्हा चार ठिपके उगवले. ऋजुताने त्या चार ठिपक्यांकडे कुठल्याही बाळाकडे पाहिले नसेल इतक्या कौतुकाने पाहिले. डीएनएचा क्रम वाचून घेतला. एकही अक्षर चुकलेले नाही.

आणि त्या जीवाणूंनी ऑक्झॅलेट फोडलेच नाही.

सगळे जागच्या जागी होते. जनुक होता, जीवाणू वाढत होता, दहीसुद्धा झकास लागत होते. ऑक्झॅलेट तेवढे जसेच्या तसे. ऋजुता दोन दिवस त्या क्रमाकडे बघत बसली. इनामदार एकदा डोकावले, चहा ठेवून गेले. हेमांगीचा क्रिएटिनिनचा आकडा, मूत्रपिंड बिघडत गेले की चढतो तो, तिच्या डोक्यातून जात नव्हता. खरे तर तो वाढलेला नव्हता. डॉक्टर हेमांगीच्या पथ्याचे कौतुक करत होते. तरी किती दिवस असा राहणार?

मग तिला दिसले. कुठल्याही जनुकाला चालू करायला त्याच्या पुढे डीएनएचा एक छोटा भाग लागतो, दिव्याला बटण लागते तसा. ऑक्झॅलेटच्या जनुकापुढचे बटण जुनेच, मातीतल्या जीवाणूचे होते. दह्यातल्या जीवाणूला ते जवळजवळ कळतच नव्हते. आजवर हा जनुक चालत होता तो शेजारच्या प्रतिजैविकाच्या तुकड्याच्या जोरावर. त्या तुकड्याचे बटण जबरदस्त, त्याचे वाचन सुरू झाले की ते न थांबता पुढच्या जनुकापर्यंत घुसायचे. म्हणजे आपला हा गुणी जनुक इतके दिवस शेजाऱ्याच्या मीटरवरून वीज घेत होता! शेजारी हाकलला आणि घरात अंधार झाला.

ऋजुताला इतके हसू आले की बाजूच्या टेबलावरची मुले वळून बघायला लागली. हसताहसताच तिने नवा तुकडा मागवला. लॅक्टोबॅसिलसचे स्वतःचे, भरवशाचे बटण. बांगडी पुन्हा कापली, ते नेमक्या जागी बसवले, पुन्हा सांधली. या वेळी बशीवर मोजता येऊ नयेत इतके ठिपके उगवले आणि परीक्षानळीतले ऑक्झॅलेट सकाळपर्यंत संपून गेले.

जनावरांवरच्या तपासण्या पार पडल्या, समितीने नव्या बांगडीला होकार दिला. अट एकच राहिली. कॉलनीतून जुनी बांगडी पुरती गेल्याचे सिद्ध व्हायला हवे. दही खाल्लेल्या प्रत्येकाच्या शौचाचे नमुने लागोपाठ तीन वेळा कोरे आले पाहिजेत, तोवर नवे दही कुणालाही नाही. त्या तीस रुग्णांपैकी काहीजण एव्हाना डायलिसिसवर गेले होते. रोज कुणाचा तरी फोन यायचा. कधी सुरू करताय, ताई?

पहिली खेप बहुतेक कोरी आली. दुसरी सगळी कोरी, एक नमुना सोडून. त्या एका बशीवर पांढरे ठिपके होते. नमुन्यांवर नावे नसत, आकडे असत. आकड्यांची किल्ली ऋजुताच्या आणि इनामदारांच्या संगणकावर होती. तिने किल्ली उघडली नाही. तिला ती उघडायची गरजच नव्हती. दही बंद होऊन इतके महिने झाले तरी ज्या रुग्णाचे क्रिएटिनिन जागचे हलले नव्हते, असा रुग्ण एकच होता.

पथ्याने असे होत नाही. हे तिला आधीच कळायला हवे होते, पण आकडा आपल्या माणसाचा असला की माणूस त्याची उलटतपासणी घेत नाही. तिने बशी पुन्हा जागेवर ठेवली. एकदा वाटले, उचलावी आणि धुऊन टाकावी. कोण बघते? तिसऱ्या खेपेपर्यंत घरातले प्रकरण गुपचूप मिटवता येईल, चाचणी सुरू होईल, हेमांगीलाही नवे दही मिळेल. तिने ग्लासभर पाणी पिऊन घेतले आणि इनामदारांना फोन न करता घर गाठले.

हेमांगी नुकती मैदानावरून आली होती. पुढ्यात ताट होते. भाकरी, दोडक्याची भाजी, काकडीची कोशिंबीर.

"आत्ती," ऋजुताने दारातूनच विचारले, "ह्या कोशिंबिरीतलं दही कुठलं?"

मालनकाकूंचा हात भाकरीवरच थांबला.

हेमांगीने आईकडे पाहिले. "बाजारचं म्हणालीस. मी विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं होतं."

मालनकाकू ताठ उभ्या राहिल्या. "खोटं सांगितलं. तेच हाय. पिठाच्या डब्याच्या मागं ठेवलंय, रोज लावते. सगळ्या गल्लीत हिंडून, लोकांच्या शिव्या खाऊन त्यांच्या पातेल्यात उकळतं पाणी मी ओतलं. माझ्या पोरीच्या पातेल्यात माझ्यानं ओतवलं न्हाई. करा काय करायचं ते."

ऋजुताला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावेसेही वाटले. दोन्हीपैकी काहीच न करता ती हेमांगीच्या शेजारी पाटावर बसली.

"ऐक. तुझा नमुना खराब आलाय. दही बंद केल्यावरही ते खाल्लं की चाचणीतून नाव जातं, हा नियम आहे. हे मी कळवलं तर नवं दही बाकीच्यांना सुरू होईल, तुला नाही. सगळ्यांसाठी मंजुरी येईल तेव्हाच तुला मिळेल. वर्ष लागेल, कदाचित जास्त."

"आणि न्हाई कळवलं तर?" मालनकाकूंनी विचारले.

"कुणाला कळणार नाही."

ऋजुताला वाटले, हेमांगीने म्हणावे, नको कळवू. तसे ती म्हणाली असती तर आपण काय केले असते, हे तिला खरोखरच माहीत नव्हते.

हेमांगीने ताट बाजूला सारले. "मैदानात माझ्या पोरींचा रेषेवर पाय पडला, पंचाला दिसला न्हाई, तरी मी त्यांना स्वतःहून बाहेर यायला लावते. रडतात, तरी लावते. आता मी काय तोंडानं शिकवू?" तिने पाणी गॅसवर ठेवले. डब्यामागचे पातेले काढले. दही घट्ट, सुरीने कापावे असे लागले होते. पाण्याला उकळी येईपर्यंत ती त्या पातेल्याकडे बघत उभी राहिली, आणि मग ओतले. "कळव, वहिनी. आजच कळव."

मालनकाकू आत निघून गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

ऋजुताने कळवले. इनामदारांनी समितीपुढे हेमांगीसाठी शब्द टाकला, ऋजुतानेही दोनदा अर्ज केला. समितीने सहानुभूती व्यक्त करून नाही म्हटले. तिसरी खेप कोरी आली, चौथी आणि पाचवीही, आणि नव्या पुड्या रवाना झाल्या. या वेळी दही कालच्या दह्यातून लावले तरी धोका नव्हता, पण अटींच्या कागदावर विरजण कुणाला द्यायचे नाही हे वाक्य मोठ्या अक्षरांत, तेही मराठीत, ऋजुताने स्वतः लिहिले.

हेमांगीचा आकडा दिवाळीच्या आधी चढायला लागला आणि चढतच राहिला. संक्रांतीनंतर डायलिसिस सुरू झाले, आठवड्यातून दोनदा. केंद्रावर गर्दी इतकी की सकाळची पाळी मिळेना. शाळा सुटली की थेट तिथे जायचे, गळून गेलेल्या अंगाने घरी यायचे. तरी शिट्टी तिने सोडली नाही. पोरींना म्हणायची, पळता येत नसलं तरी ओरडता येतंय मला.

मालनकाकू ऋजुताशी बोलत नव्हत्या. ऋजुताचा नवरा पवनचक्क्यांच्या देखभालीवर जतकडे असायचा, रविवारी घरी यायचा आणि दोघींच्या मधे बसून आळीपाळीने दोघींची समजूत घालायचा. ती कुणाचीच पटत नव्हती.

मग एका सकाळी केंद्रातून हेमांगीचा फोन आला. सकाळची पाळी मिळाली, खिडकीजवळचा पलंग मिळाला, दोघी या. ऋजुता संस्थेत जाता जाता सासूबाईंना गाडीवर मागे बसवून घेऊन गेली.

हेमांगीच्या दंडातून नळ्या निघालेल्या, यंत्र घरघरत होते. चेहरा उतरलेला, पण डोळे मिस्कील.

"हा पलंग कुणाचा माहिताय? अंबूबाई हिप्परगींचा. जतच्या. वर्षभर इथंच, ह्याच पलंगावर झोपायच्या. आत्ता सिस्टरना पेढे देऊन गेल्या. त्यांचं डायलिसिस थांबवलंय. मूत्रपिंड परत चालायला लागलंय म्हणे. मी विचारलं, कशानं हो? तर म्हणाल्या, मिरजेहून दह्याची पुडी येते."

ऋजुताने पलंगाचा कठडा घट्ट धरला.

"माझ्यापेक्षा जास्त खराब होतं त्यांचं," हेमांगी म्हणाली. "येतंय तुझं काम कामाला, वहिनी. आता मंजुरी लवकर येऊ दे. मी इथं वाट बघतेय."

मालनकाकू खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पलंगाकडे पाहिले, लेकीच्या दंडातल्या नळ्यांकडे पाहिले. मग कित्येक महिन्यांनी त्या ऋजुताकडे वळल्या.

"माझा राग गेलेला न्हाई. सांगून ठेवते, जायचाबी न्हाई लवकर." त्यांनी कोपऱ्यातले स्टूल पलंगाजवळ ओढले. "पण तू इथं उभी राहून काय करतीस? हिच्यापाशी मी बसते. जा तू. कामाला लाग."

ऋजुताने गाडीची किल्ली उचलली आणि ती संस्थेकडे निघाली.